पहिल्या दहा चाली, पाठांतराशिवाय

२८ जुलै २०२५ ला नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बाटुमी शहरात बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला. अंतिम फेरीत समोर कोनेरू हम्पी होती, म्हणजे पटाच्या दोन्ही बाजूंना भारतच. एकोणीस वर्षांची दिव्या त्या एका विजयाने थेट ग्रँडमास्टर झाली. त्याच्या सात महिने आधी, डिसेंबर २०२४ मध्ये, अठरा वर्षांच्या गुकेशने सिंगापूरला डिंग लिरेनला हरवून जगज्जेतेपद मिळवलं होतं. या दोन बातम्यांचा परिणाम पाहायचा असेल तर ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या कुठल्याही सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये रविवारी सकाळी डोकवा. आमच्याकडे कॅरमच्या शेजारी आता तीन पट मांडलेले असतात आणि चौथा आणा म्हणून मुलं मागे लागली आहेत.

मी तिथे रविवारचे दोन तास बसते. मी काही मोठी खेळाडू नाही. मुलाबरोबर एकेचाळिसाव्या वर्षी खेळ शिकले आणि सोडवला नाही. पण नवशिक्याला नेमकं कुठे अडतं ते अजून ताजं आठवतं. आईवडील मला एकच प्रश्न विचारतात: "ताई, हिला कोणती ओपनिंग शिकवू?"

ओपनिंग म्हणजे डावाची सुरुवात. हा लेख त्या प्रश्नासाठी आहे, आणि त्याहून जास्त आमच्या बी विंगमधल्या एका नऊ वर्षांच्या मुलीसाठी. तिला क्लासमधून बारा ओपनिंगांची एक छापील शीट मिळाली होती. सगळ्या चाली तोंडपाठ. एका रविवारी ती पांढरी मोहरी घेऊन बसली, दोन चाली धडाधड झाल्या, तिसरीही झाली आणि समोरच्या मुलाने कडेचं एक प्यादं एक घर पुढे सरकवलं. तिचा हात हवेतच थांबला. बराच वेळ पटाकडे पाहून ती रडवेल्या आवाजात म्हणाली, "ताई, हे शीटमध्ये नाहीये."

त्या क्षणी तिला काय करता आलं असतं, हे आपण पाहू.

आधी थोडी तयारी

पटावर चौसष्ट घरं. पट मांडताना तुमच्या उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरं घर यायला हवं. उभ्या रांगांना डावीकडून उजवीकडे ए ते एच अशी अक्षरं, आडव्या रांगांना पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८ आकडे. म्हणजे पांढऱ्या राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे गेलं की ते ई४ वर पोचलं. एवढं कळलं की कुठलाही डाव वाचता येतो.

मोहऱ्यांची साधारण किंमत अशी धरतात: प्यादं १, घोडा आणि उंट प्रत्येकी ३, हत्ती ५, वजीर ९. राजाला किंमत नाही, कारण तो गेला की डावच गेला. आणखी एक जुना, फार उपयोगी शब्द आहे: जोर. तुमचा मोहरा समोरच्याने मारला तर त्याला उलट मारायला तुमचं कोणीतरी तयार असेल, तर त्या मोहऱ्याला जोर आहे. नसेल तर तो बिनजोर. नवशिक्यांचे बहुतेक डाव बिनजोर मोहरे फुकट गेल्यामुळे हरले जातात, ओपनिंगमुळे नाही.

ओपनिंग म्हणजे साधारण पहिल्या दहा-बारा चाली. काही सुरुवाती शेकडो वर्षं खेळल्या गेल्या, त्यांना नावं पडली: इटालियन, स्पॅनिश, सिसिलियन, फ्रेंच. नावं ऐकून माणूस दबतो. पण ही नावं गल्ल्यांच्या पाट्यांसारखी आहेत. पाटी वाचता आली तर बरंच, पण चालायला पाय लागतात.

पाठ करून का भागत नाही

पांढऱ्याला पहिली चाल किती प्रकारे खेळता येते? आठ प्यादी, प्रत्येक एक किंवा दोन घरं, म्हणजे सोळा. दोन घोडे, प्रत्येकी दोन जागा, म्हणजे चार. एकूण २०. काळ्यालाही तितक्याच. म्हणजे दोघांची एकेक चाल होईपर्यंत ४०० प्रकार झाले. दोघांच्या दोन-दोन चाली होईपर्यंत हा आकडा १,९७,२८१ वर जातो. यातल्या बऱ्याच चाली वाईट आहेत हे खरं. पण तुमच्यासमोर बसलेला नवशिका त्या वाईट चालीच जास्त खेळणार आहे, आणि शीटवर छापलेल्या असतात त्या फक्त चांगल्या.

त्या मुलीची अडचण हीच होती. तिला उत्तरं माहीत होती, प्रश्न माहीत नव्हते. ई४ का, घोडा एफ३ वरच का, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. आणि ती कारणं मोजून तीन आहेत.

पहिलं काम: नाक्यावर उभं राहा

ठाण्यात तीन हात नाक्यावर उभं राहिलं की मुलुंड, स्टेशन, वागळे इस्टेट, माजिवडा, कुठेही पटकन निघता येतं. तोच माणूस येऊरच्या डोंगरावर राहत असेल तर त्याला आधी शहरात उतरावं लागतं. पटाचा तीन हात नाका म्हणजे मधली चार घरं: ई४, डी४, ई५, डी५.

हे मोजून बघा. रिकाम्या पटावर घोडा मध्यभागी ठेवला तर त्याला आठ घरांवर उडी मारता येते. कडेला ठेवला तर फार तर चार. कोपऱ्यात ठेवला तर फक्त दोन. मोहरा तोच, किंमत तीच, पण जागा बदलल्यावर ताकद चौपट-पावपट होते. उंटाचंही तसंच: मध्यावरून तेरा घरं, कोपऱ्यातून सात. हत्ती तेवढा अपवाद, रिकाम्या पटावर तो कुठेही ठेवा, चौदाच घरं. म्हणून हत्तीला सुरुवातीला घाई नसते.

आमच्याकडे मी प्रत्येक नव्या मुलाला आधी हेच करायला लावते: रिकामा पट, एक घोडा आणि मूठभर शेंगदाणे. घोडा जिथे जिथे जाऊ शकतो तिथे दाणा ठेवायचा. कोपऱ्यातल्या घोड्याचे दोन दाणे पाहून मुलांच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते कितीही समजावलं तरी उमटत नाही.

म्हणून पहिली चाल ई४ किंवा डी४. मधलं एक घर प्याद्याने धरलं आणि त्याच वेळी मागच्या उंटाची, वजिराची वाटही मोकळी झाली.

दुसरं काम: दादर यायच्या आधी दाराशी

ठाण्याहून गाडी पकडणाऱ्याला हे सांगायला नको. दादरला उतरायचं असेल तर कुर्ला गेलं की माणूस दाराकडे सरकायला लागतो. स्टेशन आल्यावर उठू म्हणणारा परळला उतरतो. बुद्धिबळातही मारामारी सुरू व्हायच्या आधी घोडे आणि उंट आपापल्या जागी पोचलेले असले पाहिजेत. मारामारी सुरू झाल्यावर त्यांना बोलवायला वेळ मिळत नाही.

यातूनच एक नियम निघतो: सुरुवातीला एकच मोहरा दोनदा चालवू नका, तशी वेळच आली नाही तर. पाच चालींमध्ये एकच घोडा पाच वेळा नाचवला तर बाकीचं सैन्य घरीच बसलेलं असतं. समोरच्याने तेवढ्यात पाच वेगवेगळे मोहरे बाहेर काढलेले असतात. लढाई एक विरुद्ध पाच होते.

कडेची प्यादी ढकलणं हा याचाच दुसरा अवतार. "उंट येऊन बसेल म्हणून आधीच एच३ खेळून ठेवलं," असं मुलं सांगतात. भीती समजते. पण न आलेल्या पाहुण्यासाठी एक चाल खर्च झाली. ती चाल घोड्याला देता आली असती.

आधी घोडे की आधी उंट? साधारणपणे घोडे आधी, कारण घोड्याची चांगली जागा जवळजवळ ठरलेली असते (पांढऱ्यासाठी एफ३ आणि सी३). उंटासाठी दोन-तीन जागा चालतात, तेव्हा समोरच्याचं थोडं पाहून ठरवलेलं बरं.

तिसरं काम: राजाला कंपाउंडच्या आत न्या

मधली प्यादी पुढे गेली की राजा उघड्यावर येतो. भर नाक्यात खुर्ची टाकून बसण्यासारखं ते आहे. त्यासाठी किल्लेकोट आहे, मुलांच्या तोंडी कॅसलिंग. राजा हत्तीच्या दिशेने दोन घरं सरकतो आणि हत्ती त्याला ओलांडून पलीकडच्या घरात येतो. डावात ही एकच चाल अशी आहे जिच्यात तुमचे दोन मोहरे एकदम हलतात: राजा सुरक्षित झाला आणि हत्ती कामावर आला.

अटी नीट लक्षात ठेवा, कारण पहिल्या स्पर्धेत हमखास भांडण यावरून होतं. राजा आणि तो हत्ती आधी हललेले नसावेत. दोघांमधली घरं रिकामी असावीत. राजाला त्या वेळी शह नसावा, तो ज्या घरावरून जातो आणि ज्या घरात पोचतो तिथेही शह लागत नसावा. शह येऊन गेला आणि राजा जागचा हलला नाही, तर मात्र पुढे किल्लेकोट करता येतो. पुष्कळ मोठी माणसंही हे चुकीचं सांगतात.

किल्लेकोट झाल्यावर राजासमोरची तीन प्यादी म्हणजे सोसायटीची कंपाउंड भिंत. कारणाशिवाय ती पाडू नका. प्यादं मागे येत नाही. पडलेली भिंत पुन्हा उभी राहत नाही.

आमच्या घरात जुनी माणसं इथे अडखळतात. "राजाला एकदा घोड्याची उडी असते ना?" असं एका आजोबांनी मला विचारलं होतं. देशी पद्धतीच्या खेळात ती होती. राजा एकदाच घोड्यासारखा उडी मारू शकायचा आणि प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जायचं. ते चुकीचे नव्हते, त्यांचा खेळ वेगळा होता. नातवंडांबरोबर खेळताना फक्त आधी ठरवून घ्या.

"पण वजीर सगळ्यात ताकदवान ना? मग त्याला आधी का नको?"

कारण ताकदवान आहे म्हणूनच त्याला पळावं लागतं. नऊ किमतीच्या मोहऱ्यावर तीन किमतीचा घोडा धावून आला तर वजीर उभा राहू शकत नाही. गणपतीच्या आदल्या दिवशी जांभळी नाक्याच्या मार्केटमध्ये मोठी गाडी घालून बघा. हातगाडी पुढे येते आणि मागे तुम्हालाच जावं लागतं. दर वेळी वजीर मागे सरकतो तेव्हा समोरच्याचा एक मोहरा बाहेर आलेला असतो, तोही फुकटात.

याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे चार चालींची मात. शाळेच्या बसमध्ये ती साथीसारखी पसरते, म्हणून इथे थोडं थांबू. पांढरा ई४, काळा ई५. पांढरा वजीर थेट एच५ वर. पुढे उंट सी४ वर येणार आणि दोघं मिळून एफ७ वर तुटून पडणार. एफ७ च का? कारण डाव सुरू होताना त्या प्याद्याला फक्त राजाचा जोर असतो, दुसऱ्या कोणाचाही नाही. पटावरचं ते सर्वांत हळवं घर. पांढऱ्याच्या बाजूला तसंच एफ२.

काळा घाबरून लगेच जी६ खेळला तर चूक होते: वजीर ई५ चं प्यादं शह देत मारतो आणि त्याच वेळी कोपऱ्यातल्या हत्तीवर नजर ठेवतो. हत्ती गेलाच. म्हणून आधी घोडा सी६, ई५ ला जोर. पांढऱ्याचा उंट सी४ वर आला, आता एफ७ वर मात दिसते आहे. आत्ता जी६. वजीर एफ३ वर हटला, पुन्हा मातेची धमकी. दुसरा घोडा एफ६, वाट बंद. आता मोजा. काळ्याचे दोन्ही घोडे चांगल्या जागी बसले आहेत. पांढऱ्याचा वजीर स्वतःच्याच घोड्याच्या जागेवर बसलाय आणि पुढच्या चालीला काळा घोडा डी४ वर येऊन त्याला तिथूनही हुसकू शकतो. ज्याने धमकी दिली तोच मागे पडला.

मुलाला ही मात "शिकवू नका" असं मी म्हणत नाही. शिकवा, पण बचाव आधी शिकवा. ज्याला बचाव येतो तो ती फार दिवस खेळत नाही.

एक ओपनिंग, कारणांसकट

आता इटालियन पाहू. नवशिक्याला मी हीच सुचवते, कारण हिची प्रत्येक चाल वरच्या तीन कामांपैकी एखादं उघड उघड करते.

पहिली चाल: पांढरा ई४, काळा ई५. दोघं नाक्यावर आले.

दुसरी: पांढरा घोडा एफ३. मोहरा बाहेर आला आणि येता येता ई५ च्या प्याद्यावर हल्लाही झाला. काळ्याला जोर द्यायचा आहे. घोडा सी६ हे उत्तम उत्तर, कारण जोर देताना मोहरा बाहेर येतो. प्यादं डी६ चालतं, पण ते स्वतःच्याच उंटाची वाट अर्धी अडवतं. प्यादं एफ६ मात्र घातक. जोर दिल्यासारखा दिसतो, पण राजाचं अंगण उघडं पडतं: पांढरा घोडा ई५ चं प्यादं मारतो, काळ्याने तो घोडा मारला की वजीर एच५ वरून शह. जी६ ने अडवलं तर वजीर ई५ वर मारत शह देतो आणि कोपऱ्यातला हत्ती उचलतो. राजा ई७ वर पळाला तर तिथेही ई५ वर मारत शह, आणि राजा भर नाक्यात. गंमत म्हणजे या एफ६ च्या बचावाला डामियानो हे नाव पडलं आहे आणि त्या पोर्तुगीज लेखकाने १५१२ च्या आपल्या पुस्तकात ही चाल वाईट म्हणूनच दाखवली होती. पाचशे वर्षांनंतर आमच्या क्लबहाउसमध्ये ती दर महिन्याला कोणीतरी खेळतंच.

तिसरी: पांढरा उंट सी४. नजर मधल्या डी५ वर आणि तिच्याच रेषेत पुढे एफ७ वर. काळाही बहुधा उंट सी५ वर आणतो.

पुढे पांढऱ्याला डी३ खेळून ई४ ला जोर देता येतो, किल्लेकोट करता येतो, मग सी३ खेळून पुढे डी४ ची तयारी करता येते. सहा चाली, आणि घर लागलं.

आता त्या मुलीकडे परत येऊ. तिची ई४, घोडा एफ३, उंट सी४ अशी तिसरी चाल झाली होती आणि मुलाने उंट बाहेर काढण्याऐवजी एच६ खेळलं होतं. शीटमध्ये नव्हतं. मी तिला शेजारी बसवून विचारलं, "या चालीने त्याने तीनपैकी कोणतं काम केलं? नाका धरला?" नाही. "मोहरा बाहेर काढला?" नाही. "राजा सुरक्षित केला?" नाही. "मग?" ती म्हणाली, "मग मला एक चाल जास्त मिळाली." अगदी बरोबर. आणि जास्तीची चाल मिळाली की ती मध्यावर खर्च करायची: डी४ खेळून नाका उघडायचा, किंवा आधी किल्लेकोट करून मग डी४. दोन्ही चांगलं.

पटावर अनोळखी काही आलं की हाच प्रश्न विचारायचा: या चालीने काय काम झालं? आणि त्याच्या आधी, दर वेळी, आणखी एक: या चालीने माझं काही बिनजोर झालं का, मला काही धोका आहे का?

"पण मोठे खेळाडू तर पाठ करतातच!"

करतात. जगज्जेतेपदाच्या पातळीवर संगणकाच्या मदतीने वीस-पंचवीस चाली खोलवर तयारी होते. पण ते काय पाठ करतात हे समजून घ्यायला हवं. १९७३ मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या संशोधकांनी एक प्रयोग मांडला. खऱ्या डावातली स्थिती काही सेकंद दाखवून झाकली, तर तरबेज खेळाडू ती नवशिक्यापेक्षा कितीतरी चांगली पुन्हा मांडू शकत होते. तेच मोहरे पटावर कसेही विखरून दाखवले, तर त्यांची आघाडी जवळजवळ नाहीशी झाली. स्मरणशक्ती तीच होती. अर्थ गेला तशी आठवण गेली. आपल्याला ओळखीच्या भजनाच्या दहा ओळी सहज लक्षात राहतात, अनोळखी भाषेतली एक ओळ राहत नाही, तसंच.

माजी जगज्जेते बॉबी फिशर पाठांतराला इतके वैतागले की १९९६ मध्ये त्यांनी मागच्या रांगेतले मोहरे चिठ्ठ्या टाकून मांडायचा प्रकार जाहीर केला. त्यात मांडणीचे ९६० प्रकार होतात, त्यामुळे ओपनिंगची पुस्तकं निरुपयोगी. तिथेही चांगले खेळाडू काय करतात? मध्ये प्यादी पाठवतात, मोहरे बाहेर काढतात, राजा आडोशाला नेतात.

आणि मीर सुलतान खान. पंजाबचा हा खेळाडू देशी नियमांवर वाढला आणि युरोपीय नियम त्यांनी उशिरा आत्मसात केले. ओपनिंगमध्ये ते अडखळत, हे सगळेच सांगतात. तरी १९२९ मध्ये इंग्लंडला पोचले त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद जिंकलं, पुढे १९३२ आणि १९३३ मध्येही. १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्यांनी माजी जगज्जेते कापाब्लांकांना हरवलं. ओपनिंगचं ज्ञान असतं तर ते आणखी पुढे गेले असते, हे मला मान्य आहे. पण डाव समजण्याची जागा पाठांतर घेऊ शकत नाही, हे त्यांच्याइतकं स्पष्ट कोणी दाखवलेलं मला माहीत नाही.

काळी मोहरी आली तर

ई४ ला ई५, डी४ ला डी५. पहिलं वर्षभर एवढं पुरे. मग तीच तीन कामं.

एखादं चौकस मूल विचारतं की मोठे खेळाडू कधी कधी मध्यात न जाता उंट जी७ वर का बसवतात. तेही मध्यासाठीच: नाक्यावर न उतरता वरच्या गच्चीतून नाक्यावर नजर ठेवायची. देशी खेळात प्यादं एकेकच घर जायचं, म्हणून आपल्याकडे ही पद्धत रुजली होती. एकोणिसाव्या शतकात कलकत्त्यात महेशचंद्र बॅनर्जी स्कॉटिश खेळाडू कॉक्रनविरुद्ध असे डाव खेळले आणि त्या प्रकारच्या बचावांना पुढे "इंडियन" नाव चिकटलं. किंग्ज इंडियन म्हणजे तेच. शिकायला सुंदर, पण नंतर. गच्चीतून लढायला नाका आधी ओळखीचा लागतो.

"मोबाइल चांगली चाल सांगतोच की"

सांगतो. का चांगली ते मात्र सांगत नाही. लिचेससारखी साइट पूर्ण मोफत आहे, जाहिरातीही नाहीत, जरूर वापरा. फक्त क्रम पाळा. डाव संपला की आधी स्वतः मागे जाऊन पाहा: दहाव्या चालीला माझे किती मोहरे बाहेर होते, राजा कुठे होता, पहिला मोहरा बिनजोर कधी पडला. ते वहीत लिहा. मग संगणकाला विचारा.

तीन मिनिटांचे डाव सुरुवातीला टाळा. त्यात हात शिकतो, डोकं शिकत नाही. वीस-तीस मिनिटांचा एक डाव आणि त्यानंतर दहा मिनिटं मागे वळून पाहणं, हे मला दहा झटपट डावांपेक्षा जास्त उपयोगी पडलं. घरीसुद्धा "हात लावला की तोच मोहरा खेळायचा" हा नियम पाळा. स्पर्धेत तो असतोच आणि त्याने चालीआधी विचार करायची सवय लागते.

आईवडिलांना एक कळकळीची विनंती. मूल हरून बाहेर आलं की "कुठली चाल चुकली?" असं दारातच विचारू नका. त्याला पाणी द्या. संध्याकाळी ते स्वतःहून पट मांडेल, तेव्हा शेजारी बसा. खेळ येत नसला तरी बसा. त्याने तुम्हाला समजावून सांगताना त्याचं त्यालाच कळतं, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

दहा चाली झाल्या. आता?

इथे पुष्कळ जण पुन्हा अडतात. मोहरे बाहेर, राजा आत, सगळं छान, आणि करायचं काय ते सुचत नाही. तेव्हा स्वतःच्या मोहऱ्यांवरून एकदा नजर फिरवायची आणि सर्वांत रिकामा कोण बसलाय ते शोधायचं. बहुतेक वेळा तो एक हत्ती असतो. प्यादी मारली जाऊन एखादी उभी रांग मोकळी झाली असेल तर हत्ती तिथे आणायचा. एखादा उंट स्वतःच्याच प्याद्यांमागे अडकला असेल तर त्याला दुसरी वाट काढून द्यायची.

गेल्या रविवारी बी विंगची ती मुलगी पुन्हा पांढरी मोहरी घेऊन बसली होती. समोरच्या मुलाने पाचव्या चालीला ए६ खेळलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. किल्लेकोट केला. अकराव्या चालीला ती बराच वेळ थांबली, ओठ हलवत मोहरे मोजत होती. मग ए१ वरचा हत्ती, जो सकाळपासून जागचा हलला नव्हता, दोन बोटांनी उचलून मोकळ्या डी रांगेत आणून ठेवला आणि घड्याळाचं बटण दाबलं.